खडूने आखलेली गाडी

धुकं इतकं दाट होतं की मिस्त्रीणबाईंना स्वतःच्या स्कूटरचं पुढचं चाकसुद्धा धड दिसत नव्हतं. त्यामुळे चढावर मधोमध उभी असलेली जुनी गाडी दिसेपर्यंत फार उशीर झाला होता, आणि स्कूटर त्या गाडीच्या मागच्या बंपरला टेकूनच थांबली. ठोकली नाही, टेकली. यावरून पुढे दोघांचं बरेचदा वाजलं, पण खरं ते खरं.

तिला सगळा रस्ता मिस्त्रीण म्हणायचा. आधी चिडवायला म्हणायचे. मग हट्टी गाड्या तिच्या हाताखाली सरळ यायला लागल्या, तसे मानाने म्हणायला लागले. वडिलांचं गॅरेज आता तीच चालवत होती.

गाडीच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. तरुण होतं, बरं दिसत होतं, आणि केसांत जळमटं अडकलेली होती.

"लागलं का हो?"

"मला नाही. रस्त्याच्या मधोमध काय करताय?"

"गाडी ओढून आणत होतो. दोर तुटला... ट्रॅक्टरवाल्याला कळलंच नाही, तो गेला पुढे."

"मग हॉर्न वाजवायचा."

"नऊ वर्षं वाजलेला नाही."

"ब्रेक?"

"त्याबद्दल मी काही बोलत नाही."

"आणि तरी चढावर उभे आहात. कशाच्या जिवावर?"

त्याने ओशाळून खाली बोट दाखवलं. मागच्या चाकाखाली अडसर म्हणून जनावरांच्या आजारांवरचं एक जाडजूड पुस्तक लावलेलं होतं. ती हसली. धुक्यात हसू दिसत नाही, पण ऐकू येतं, आणि त्याने ते नीट ऐकलं.

तो जनावरांच्या दवाखान्यात नुकताच आलेला डॉक्टर होता. तासाभरात ती गाडी गॅरेजमध्ये आली.

"दिसायला जशीच्या तशी हवी," तो म्हणाला. "एक ओरखडासुद्धा बुजवायचा नाही. पण मला ती रोज चालवायचीय. गोठ्यागोठ्यांवर जावं लागतं, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर होतात."

"म्हणजे आजीबाईंना रोज पळवायचं, आणि सुरकुती एक हलता कामा नये."

"अगदी तेच. आईची गाडी आहे." त्याने ड्रायव्हरच्या दारावर हात ठेवला. खिडकीच्या कडेला हाताच्या पंजाएवढा रंग उडून खालचा पत्रा गुळगुळीत झाला होता. "इथे तिचं कोपर असायचं. तीही जनावरांचीच डॉक्टर. हेच गोठे, हेच रस्ते... इथे तेवढा रंग लावू नका."

"नाही लावणार," ती म्हणाली, आणि का कोण जाणे, तिचा आवाज एकदम हळू आला.

काम सुरू झालं. जुन्या चाकांच्या चकचकीत टोपणांआड नवे डिस्क ब्रेक बसले. नव्या वायरी तिने जुन्यांसारख्याच सुती कापडात गुंडाळल्या. दिव्यांच्या काचा त्याच राहिल्या, आत बल्ब आजचे आले. रेडिएटरमागे एक पंखा असा लपवला की शोधणाऱ्याने शोधतच बसावं. सीटबेल्टसुद्धा जुन्या कातड्याच्या रंगाचे मिळाले, त्यासाठी तिने तीन गावं पालथी घातली.

गॅरेजची एक पद्धत होती, तिच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी घालून दिलेली. मागच्या खोलीत जमिनीवर खडूने गाडी आखायची, अगदी खऱ्या मापाची. समोरच्या गाडीतून जो भाग निघेल तो या आखलेल्या गाडीत आपापल्या जागी ठेवायचा. दिवे पुढे, टाकी मागे, घड्याळं मध्ये. काही हरवत नाही, काही विसरत नाही. फक्त एक नियम होता, की एका भागाला दुसरा भाग लागता कामा नये. मध्ये वीतभर तरी जागा सोडायची आणि सगळे सांधे तोडायचे. अण्णांनी कारण कधी सांगितलं नव्हतं. सरमिसळ होऊ नये म्हणून असेल, असं ती समजून चालली होती.

डॉक्टर रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून यायचा आणि मदत करतो म्हणायचा. त्याची मदत म्हणजे एकेक संकट होतं.

"बारा नंबरचा पाना मागितला मी. हा चौदाचा आहे."

"दोन जास्तच दिले ना? मग तक्रार कसली?"

"गाईलाही असंच दोन जास्त औषध देता का?"

"गाई इतक्या बोलत नाहीत." मग जरा थांबून, "कानाला ग्रीस लागलंय तुमच्या."

"असू दे."

"पुसू का?"

ती बोनेटखाली वाकलेली. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही... त्याच्या रुमालाला दवाखान्यातल्या औषधाचा वास होता. त्या दिवशी तिने एकच बोल्ट तीनदा घट्ट केला.

चौदाव्या संध्याकाळी जुन्या वायरिंगचा अख्खा जुडगा निघाला. दिव्यांचे बल्ब, हॉर्न, हॉर्नचं बटण, पेट्रोलचा काटा, नव्याने बदललेलं सगळं जुनं त्याला लटकलेलं होतं. तिने तो आखलेल्या गाडीत पसरला आणि सांधे तोडायला पक्कड उचलली. तेवढ्यात डॉक्टर मागून आला आणि दारातच थबकला.

"अरे... ही तर इथे सगळी आहे. आईची गाडी." त्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला होता की तिला पक्कड जड झाली.

"उद्या तोडते," ती मनात म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. प्रेमात माणसं नाही नाही त्या चुका करतात. गॅरेजवालीने केलेली चूक ही अशी होती.

सोळाव्या दिवशी साडेपाचला बाहेर झिमझिम लागली होती. दोघं समोरच्या गाडीशी बसून चहा पीत होते. आणि मागच्या खोलीत हॉर्न वाजला.

एक लांब, एक आखूड.

कप त्याच्या हातात होता तसाच राहिला. ती उठून आत गेली. खोलीत कोणी नव्हतं. खडूची गाडी पसरली होती तशी पसरली होती. हॉर्नला वायर होती, वायरीला बटण होतं, आणि बॅटरी कुठेच नव्हती. बॅटरीच्या चौकोनात फक्त खडूची फुली होती. तिने बटणावर बोट ठेवलं आणि पटकन काढून घेतलं. बटण कोमट होतं.

"गल्लीच्या वळणावर आली की आई असा वाजवायची," तो दारातून म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "मी धावत जाऊन फाटक उघडावं म्हणून."

"हवेत ओल आहे," ती म्हणाली. "जुन्या वायरी... होतं असं कधी कधी." असं कधीही होत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा वाजला, तिसऱ्याही दिवशी. मग रोजच. पेट्रोलचा काटा रिकाम्यावरून सरकून पाऊण टाकीवर आला. जुन्या बल्बांना हात लावला तर ते नुकतेच विझल्यासारखे गरम लागायचे. आणि खडूची रेघ रोज सकाळी एकाच जागी पुसलेली असायची, ड्रायव्हरच्या दाराशी. कोणी पाय ठेवून आत गेल्यावर पुसली जावी तशी. ती सकाळी रेघ ओढायची, दुसऱ्या सकाळी पुन्हा पुसलेली. तिच्या अंगावर काटा यायचा, पण ते तिने कोणाला सांगितलं नाही.

कारण तिला दुसरीच भीती जास्त खात होती. डॉक्टर आता रोज यायचा, वेळेआधी यायचा, पण तिच्यापाशी थांबत नव्हता. पाने देत नव्हता, चुकत नव्हता. "काय म्हणताय" एवढं म्हणून तो थेट मागच्या खोलीत जायचा आणि ड्रायव्हरशेजारच्या जागी जमिनीवर मांडी घालून बसायचा. साडेपाचला हॉर्न वाजला की डोळे मिटून घ्यायचा. मग दिवेलागणीपर्यंत तसाच. मिस्त्रीण दारातून बघायची आणि मनात जळायची. सवत म्हणावं तर तीही नाही, आणि सासू म्हणावं तर अजून लग्नाचा पत्ता नाही. तिला स्वतःचंच हसू आलं, आणि मग रडूही आलं.

"गाडी तयार आहे," एके दिवशी तिने सांगितलं. "चालवून बघा. लोण्यासारखी चालते."

"घाई काय आहे?" तो म्हणाला. त्याने समोरच्या गाडीकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात एक गोठेवाला त्याला शोधत गॅरेजमध्ये आला. गाय दुपारपासून अडली होती, वासरू आडवं होतं. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"सहानंतर येतो," डॉक्टर म्हणाला.

"अहो, गाडी दारात उभी आहे," मिस्त्रीण म्हणाली. "किल्ली देते. दहा मिनिटांत पोचाल."

"सहानंतर."

तो सहानंतर गेला. गाय वाचली, वासरू नाही. दुसऱ्या दिवशी त्याने हे मान खाली घालून सांगितलं, आणि त्याच दमात म्हणाला, "एक मागू? ड्रायव्हरची सीट काढून तिथे ठेवायची. आत."

"सीटला हात लावायचा नाही असं तुम्हीच बजावलं होतं. ती गेली तर गाडीत राहिलं काय?"

मग त्याने सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी, कसल्याशा फालतू गोष्टीवरून आईशी भांडण झालेलं. संध्याकाळी वळणावर हॉर्न वाजला. त्याने ऐकला, आणि तो उठला नाही. फुगून खोलीत बसला. पुन्हा वाजला, तरी बसूनच. शेवटी ती स्वतः उतरली, पावसात फाटक उघडलं, गाडी आत घेतली... आणि घरात आली नाही. तासाभराने तो बाहेर गेला तेव्हा ती सीटवरच बसलेली होती. हात स्टीअरिंगच्या चाकावर होते. इस्पितळात हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं.

"सीट ठेवली ना, तर..." तो म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडलं.

त्याला नाही म्हणणं तिच्याच्याने होईना. तिने सीटचे चारही बोल्ट सैल केले. "उद्या काढू," एवढंच म्हणाली.

तो गेल्यावर अण्णा काठी टेकत मागच्या खोलीत आले. गुडघ्यांमुळे ते हल्ली आत फारसे येत नसत. त्यांनी जमिनीवरची गाडी बघितली, पुसलेली रेघ बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सांधे तोडले नाहीस?"

"राहून गेलं, अण्णा."

"राहून गेलं नाही. ठेवलंस." त्यांनी काठीनेच बॅटरीच्या फुलीकडे दाखवलं. "उतरवलेल्या वस्तूला आपण उतरलोय हे कळायला हवं, पोरी. सगळं जिथल्या तिथे ठेवलं आणि वर जोडूनही ठेवलं, तर तिला वाटतं अजून निघायचंय. किंवा अजून पोचायचंय. मी एकदा बघितलंय. पुन्हा बघायचं नाही मला."

"मग आत्ता तोडते."

"तोड. त्याला सांगून की न सांगता, ते तुझं तू बघ."

तिने पक्कड घेतली, हॉर्नची वायर दोन बोटांत धरली. वायर कोमट होती. त्याच्या पाठीमागे त्याच्या आईला असं तोडायचं... तिचा हात चालला नाही. उद्या त्याच्यासमोर तोडीन, मग तो पुन्हा या दारात न आला तरी चालेल, असं तिने ठरवलं. चालणार नव्हतंच, पण ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती एका ग्राहकाला वाटेला लावून परतली तेव्हा सव्वापाच वाजले होते, आणि समोरच्या गाडीत ड्रायव्हरची सीट नव्हती.

ती धावतच मागे गेली. सीट खडूच्या गाडीत आपल्या जागी होती. तो शेजारी मांडी घालून बसला होता, एक हात सीटच्या कडेवर.

"डॉक्टर, ऐका, मला सांगायचंय—"

"श्श."

सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. आधी एक, मग सगळ्या मिळून, कोणी दमून टेकल्यावर करकरतात तशा. कातडं मधोमध खाली गेलं. गेलं आणि तसंच राहिलं. जमिनीवर सुटा पडलेला क्लचचा जुना पेडल अगदी सावकाश दबला गेला. खोलीत ओल्या कोटाचा वास आला.

"आई," तो म्हणाला. लहान मुलासारखा म्हणाला.

हॉर्न वाजला. एक लांब, एक आखूड. रोज तो एकदाच वाजायचा. आज थांबला नाही. लांब, आखूड. लांब, आखूड. बाहेर छपराच्या पत्र्यावर पाऊस वाढत होता आणि आत तो आवाज वाढत होता. डॉक्टर डोळे मिटून बसला होता, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तो हसत होता. मिस्त्रीणबाईंना पळून जावंसं वाटत होतं. पण गाड्यांचं ऐकण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, आणि तिला त्या आवाजात राग ऐकू येईना. त्यात वाट बघणं होतं. कोणीतरी पावसात उभं होतं आणि वाट बघत होतं.

तिने त्याचा खांदा धरून हलवला.

"उठा."

"राहू दे ना... आली आहे ती."

"आली नाही. बाहेरच आहे. इतके दिवस ती हॉर्न वाजवतेय आणि तुम्ही काय करताय? बसून ऐकताय. त्या दिवशीसारखेच."

त्याने डोळे उघडले.

"फाटक उघडा," ती म्हणाली.

"कुठलं फाटक? इथे फाटक—"

"असेल ते."

खोलीला मागच्या बाजूने एक जुनं लाकडी दार होतं, बोळात उघडणारं. कित्येक वर्षांत कोणी उघडलं नव्हतं. तो अडखळत उठला, धावला, गंजलेली कडी दोन्ही हातांनी ओढायला लागला. कडी हलेना. मागे हॉर्न वाजतच होता. तिने जाऊन हात लावला, दोघांनी मिळून ओढली, बोटं सोलवटली, आणि दार कण्हत उघडलं.

हॉर्न थांबला.

तो दार धरून उभा राहिला, भिंतीला पाठ लावून, गाडी आत यायला जागा द्यावी तसा. दोघांच्या मधून काहीतरी गार गेलं. ओला कोट, औषध, थोडं पेट्रोल. ते कुठून कुठे गेलं हे तिला नीट सांगता आलं नसतं. मागे सीटच्या स्प्रिंगा एकेक करून वर आल्या आणि कातडं सपाट झालं. पेट्रोलचा काटा रिकाम्यावर जाऊन पडला.

तो अजून दार धरूनच उभा होता. पाऊस आत येत होता, त्याचे बूट भिजत होते. तो म्हणाला, "उशीर झाला मला."

"झाला," ती म्हणाली. "पण उघडलंत."

मग तो रडला, आणि ती तिथेच उभी राहिली. दार त्यांनी लावलं नाही.

पाऊस ओसरल्यावर तिने पक्कड आणली. जमिनीवर बसून एकेक सांधा तोडायला घेतला. वायरी आता नुसत्या वायरी होत्या, थंड आणि कडक. तो समोर बसून तुटलेली टोकं वीतवीतभर लांब करून ठेवत होता. तिला वाटलं, आत्ता बोलले नाही तर कधीच नाही.

"चूक माझी होती," ती म्हणाली. "तोडायचा नियम मला माहीत होता. पण त्या दिवशी तुमचा चेहरा बघितला आणि... तोडवेना. तो चेहरा मला पुन्हा बघायचा होता. एवढंच कारण. त्या वासराचं पापही माझ्याच माथी."

"ते माझ्या. तुम्ही किल्ली देत होतात."

"मला वाटायचं, तुम्ही माझ्यासाठी येता." तिने मान वर केली नाही, पक्कड चालूच ठेवली. "मग कळलं, आईसाठी. आता तीही गेली. गाडीही तयार आहे. उद्यापासून तुम्हाला यायचं काही कारण नाही, म्हणून आजच सांगून टाकते. मला तुम्ही आवडता. झालं. ते हॉर्नचं बटण द्या इकडे."

त्याने बटण दिलं नाही. हातातच धरून ठेवलं.

"हॉर्न पहिल्यांदा कधी वाजला?"

"तुम्ही यायला लागल्यावर सोळाव्या दिवशी."

"मोजलेत?"

तिचे कान लाल झाले होते, आणि आज त्यांना ग्रीसही नव्हतं लपायला.

"मीही मोजलेत," तो म्हणाला. "मग त्याआधीचे पंधरा दिवस मी कोणासाठी येत होतो?"

पक्कड थांबली.

"पाने द्यायला," ती कशीबशी म्हणाली.

"एक तरी बरोबर दिला होता?"

"नाही."

"मग?"

बोळातून ओल्या मातीचा गार वारा येत होता. तिने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. डोळे सुजलेले, बोटं सोललेली, केस विस्कटलेले... आणि तो चेहरा. तोच उजेड. या वेळी तो जमिनीवरच्या गाडीकडे बघत नव्हता.

"तोंडाने सांगा," ती म्हणाली. "मला अंदाजावर काम करायची सवय नाही."

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

तिने सीटची एक बाजू धरली आणि त्याला डोळ्यांनीच दुसरी बाजू दाखवली. दोघांनी मिळून ती उचलली, समोरच्या गाडीत नेली आणि जागेवर बसवली. त्याने बारा नंबरचा पाना न मागता पुढे केला. तिने चारही बोल्ट आवळले, एकेकदाच.

"उद्या पहिला गोठा किती वाजता?" तिने विचारलं.

"सातला."

"मी शेजारी बसणार. ब्रेक मी बसवलेत, ते उतारावर कसे लागतात ते मला बघायचंय."

"आणि परवा?"

"परवाही बघावं लागेल," ती म्हणाली, आणि किल्ली त्याच्या हातात ठेवून हात तिथेच राहू दिला.